चॉइस नंबर दोन

खानापूर स्टँडसमोर माझं दुकान. दोन कॉम्प्युटर,
एक प्रिंटर, दमट हवेत दोन-दोन कागद एकदम ओढणारा.
बोर्डावर कन्नड मोठं, कायद्याला हवं तेवढं,
खालचं मराठी उडालंय, रंगवायचं राहूनच जातं.
जूनपासून पोरं मला सर म्हणतात.
सप्टेंबरात परत झेरॉक्सवाला.

मलप्रभा मष्णू गावडे. गाव कणकुंबीच्या अलीकडं.
शाळेच्या दाखल्यावर गावडा, आधारवर गावडे,
आणि जातीच्या दाखल्यावर कन्नडात जे लिहिलंय
ते मोठ्यानं वाचलं की गौडा.
वकिलानं बाँडवर लिहून दिलं
की या तिघी एकच आहेत.
तिनं खाली सही केली, चौथ्याच तऱ्हेनं.

ग्रामीण? हो.
कन्नड माध्यम? नाही.
इथं माझं बोट दरवर्षी जरा अडतं.
दहा वर्षं जिच्यात पाढे म्हटले
तिचं नाव फॉर्म विचारत नाही,
दुसरीचं विचारतो, आणि आपण नाही म्हणायचं.

शेजारच्या खिडकीत कोल्हापूरचा फॉर्म उघडा होता,
तिकडं आमच्या गावांना वेगळ्या जागा.
एका खिडकीत ती रहिवासी,
दुसरीत वादग्रस्त भागातली,
आणि खुर्चीत, चप्पल काढून, मांडी घालून म्हणते,
"अण्णा, सकाळधरनं मी चा पण प्यालो न्हाय."

ओटीपीचा नंबर बापाचा. बाप म्हापशाला बेकरीत.
पाव भट्टीत असला की फोन गल्ल्यावर.
मुदत दहा मिनिटं. सहा गेली.
मालकिणीनं उचलला, कोकणीत आकडे सांगू लागली:
णव, चार, स…
स म्हणजे सहा की सात?
मी घामाघूम. मलप्रभा शांत:
"सहाच. सात असतं तर सात म्हटली असती."

पंधरवड्यानं यादी लागली.
बीदर. जनावरांच्या डॉक्टरकीचं कॉलेज.
पार दुसऱ्या टोकाला, रात्रभराची एसटी.

मी नेहमीसारखं समजावलं, चार बटणं असतात.
एक: मिळालं ते घेतलं.
दोन: घेतलं, पण पुढच्या फेरीत अजून बघतो.
तीन: हे नको, पुढचं बघू.
चार: काहीच नको, निघालो.
सगळ्यांना मी दोनच सांगतो.
हातचं सोडू नये, वरचं मागत राहावं.
माझ्या वेळी बटणं नव्हती, तरी मी दोनच दाबत आलोय:
दुकान धरलंय, आणि बघतोय. बावीस वर्षं.

ती म्हणाली, "दोन दाबलं तर
माझी ही शीट मधल्या दिवसांत कुणाला मिळतीया?"
नाही मिळत.
"मग ती बी बिचारी अडकून."
ती, म्हणजे शीट. मला हसू आलं नाही.

"तिथं बोलत्यात काय?"
कन्नड. उर्दू. थोडी तेलुगू. आणि मराठी बी.
"तिथं बी?"
ते बी सीमेवरच, बाई.
तेव्हा ती हसली, खुर्ची करकरेपर्यंत:
"म्हंजे या कडंवरनं त्या कडंवर!
मधलं कर्नाटक नुसतं खिडकीतनं बघायचं."

कोल्हापूरची खिडकी तिनंच बंद केली.
माझा हात माऊसवर होता, तो हळूच बाजूला सारला,
आणि एक.

ओटीपी परत म्हापशाला गेला.
या वेळी बापानंच उचलला, मागं ट्रे आदळत होते.
आकडे सांगून झाले. फोन ठेवला नाही त्यानं.
"बीदर… कुठल्या अंगाला आलं गं ते?"

मलप्रभा दारात गेली, फोन कानाला,
हात लांब करून बोट दाखवलं, उगवतीकडं,
डेपोच्या पत्र्यावरून पलीकडं,
आणि तसंच धरून उभी राहिली,
त्याला दिसेपर्यंत.