खिडकीची उंची

जागा योग्य आहे का, ते बघायला मला पाठवलंय.
सोबत मोजपट्टी, सहा पानी फॉर्म आणि दोन पेनं,
कारण लातवियाच्या या टोकाला फेब्रुवारीत
एक पेन हमखास दगा देतं.

इमारत लिननच्या गिरणीची.
गिरणी गेली, इमारत उरली.
गिरणीने ज्यांना घरी बसवलं
ते आता इथंच येतात,
बेकार म्हणून नाव लावायला.

बस थांब्यापासूनचं अंतर?
सहाशे दहा पावलं. शेवटची चाळीस
भिंतीला हात लावत, बर्फावरून.
बसण्याची सोय?
अकरा खुर्च्या. एकीवर चिठ्ठी: बसू नये.
चिठ्ठीवरच एक बाई बसलेली,
मांडीवर थर्मास, शेजारी मुलाचं दप्तर.
स्वच्छतागृह? आहे.
किल्ली? झिंत्राकडे, काउंटरच्या आत.
म्हणजे मागायची ती सगळ्यांच्या देखत.
याला फॉर्ममध्ये रकाना नाही.
मी समासात लिहिलं, बारीक अक्षरात.

मग ती खिडकी.
जाड भिंतीत कोरलेली, लाकडी चौकटीची.
उंबरठा जमिनीपासून चौऱ्याण्णव सेंटिमीटर,
वरची कड एकशे तीसवर.
मी दोनदा मोजलं.
माझ्यासारखी बुटकीसुद्धा तिथं
ताठ उभी राहून बोलू शकत नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, ‘बरोबर मोजलंत.’
ब्रोनिस्लाव्स. बावीस वर्षं कातण-विभागात,
उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं.
‘पगाराची खिडकी हीच.
वाकायचो तेव्हाही.
पण तेव्हा वाकलं की हातावर काहीतरी पडायचं.’
एवढं बोलून तो वाकला,
कागद आत सरकवला,
आणि त्याची टोपी चौकटीला घासली
नेमकी जिथं रंग आधीच उडालाय तिथं.

झिंत्राला आत जाऊन भेटले.
तिची खुर्ची चांगली आहे. हीटर आहे. खिडकीत जिरेनियम.
तिला विचारलं, त्रास होतो का काही?
म्हणाली, ‘चेहरे दिसत नाहीत हो.
डोकी दिसतात.
कुणाचा भांग कुठं, कुणाला टक्कल कितपत,
कुणी या महिन्यात केस रंगवायचं सोडलं,
सगळं ठाऊक.
परवा बाजारात एकाने हाक मारली, ओळखलंच नाही.
त्याने टोपी काढली, मग ओळखलं.’
हसली. मग हसायचं थांबली.

फॉर्मच्या शेवटी दोन चौकोन.
योग्य. अयोग्य.
उताराची फळी आहे, दिवे पुरेसे आहेत,
आगीच्या वेळी बाहेर पडायला दोन दारं आहेत.
नियमाप्रमाणे मोजलं तर ही जागा उत्तीर्ण.
साहेब विचारतील, खिडकीच्या उंचीचा नियम कुठला?
नाही. असा नियम नाही.

शेऱ्यात लिहायला गेले तर पेन अडलं.
दुसरंही अडलं.
ब्रोनिस्लाव्सने खिशातून पेन्सिल दिली,
सुताराची, चपटी, दातांनी टोक काढलेली.
लिहिलं: चौकट चाळीस सेंटिमीटर वर न्यावी.
कारण: या खोलीत सकाळपासून
एकही माणूस मला उभा दिसला नाही.

पेन्सिलीचं लिहिलेलं चालतं की नाही, माहीत नाही.
बसला पंचवीस मिनिटं होती.
चिठ्ठीवरच्या बाईने सरकून जागा केली,
आणि आम्ही दोघी
‘बसू नये’वर
बसून राहिलो.