शेरा

डिसेंबरात या दुर्बिणीतून
तीनशे मीटरवरचा ससा दिसला होता म्हणे,
कानसुद्धा वेगवेगळे, एक उभा, एक कलता.
हे सांगताना बोदेले
बंदुकीवर बसवलेलं ते काळं नळकांडं
नातवाचं नाक पुसावं तसं पुसतात.

आता मे. कुही तालुका, रात्रीचे साडेअकरा.
दुपारी नागपुरात सेहेचाळीस होतं
आणि ते उतरलेलं नाही, फक्त अंधारात गेलंय.
मचाणाची फळी गरम. बाटलीतलं पाणी गरम.
खाली दोन एकर उन्हाळी भुईमूग,
वर आम्ही तिघं :
परवाना बोदेल्यांचा, पंचनामा माझा,
आणि कान झिंगरू उईकेचे.

यंत्राला उजेड लागत नाही, ऊब पुरते.
रक्त पांढरं दाखवायचं, माती काळी,
एवढाच त्याचा हिशेब.
पण आज माती काळी होईना.
धुरा पांढरा, दगड पांढरे,
बोडीचं पाणी तर तापत ठेवलेलं दूध;
मोहाचं झाड दिवसभर प्यालेलं ऊन
हळूहळू परत करत उभं.
टिक्. आत पडदा पडतो, यंत्र स्वतःला सावरतं,
पुन्हा तीच राखाडी साय.
"बॅटरी तर फुल आहे," बोदेले म्हणतात
आणि डोळ्याभोवती उमटलेला गोल वळ चोळतात.

झिंगरू यंत्रात बघत नाही.
पहिल्या रात्री एकदा बघितलं, परत दिलं.
"याच्यात आवाज नाही ना जी."
तो नुसता बसतो, खर्रा दाढेत धरून,
आणि खाली शेंगा फुटतात त्या मोजतो.
"सात हायेत. एक मादी लंगडते."
सात! आम्हाला एकही नाही.
सात जिवांची अंगं आणि दोन एकर जमीन
एकाच तापात पडलेली,
कुठे काय संपतं ते कळू नये अशी.
मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.
हे पंचनाम्यात येत नाही.

पहाटे चारला वारा सुटला, अर्ध्या अंशाचा.
माती जराशी मागे सरली
आणि धुऱ्याच्या टोकाला एक गोळा वर आला.
बुटका, रुंद, मान खाली.
बोदेल्यांचा श्वास थांबला ते मला कळलं,
कारण तोवर तो ऐकू येत होता.
खटका. बोट.
परवान्यात लिहिलंय : रानडुक्कर.
नर की मादी ते मागाहून नमूद करावे.

"थांबा जी," झिंगरू म्हणाला.
"तो रामरतन हाये."
कशावरून?
"खोकलला ना आत्ता."

गोळा उठला. लांब झाला. त्याला दोन पाय फुटले.
हाताच्या टोकाशी एक काळा ठिपका लोंबत होता,
टमरेल असणार, रिकामं.
गावाच्या दिशेने तो सावकाश गेला,
मध्येच थांबला, पोट खाजवलं असावं,
आणि पांढऱ्या धुऱ्यात पांढरा होऊन संपला.
बोदेल्यांनी बंदूक मांडीवर आडवी घेतली
आणि उजाडेपर्यंत ते नळकांडं पुसलं नाही.

दुपारी अहवाल भरला. नागपूरला जायचा होता.
झाडलेल्या गोळ्या : शून्य.
मारलेले प्राणी : निरंक.
शेरा : जमीन अंगाएवढी तापली होती.
साहेबांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं,
खोडून वर लिहिलं : तांत्रिक अडचण.

कूलर घुरघुरत होता. खिडकीशी
कोणीतरी येऊन उभं राहिलं,
भुईमुगाच्या नुकसानीचा फॉर्म पाहिजे म्हणून.
मी मान वर करायच्या आधी
ते माणूस खोकललं,
आणि मी न विचारताच
नाव लिहायला घेतलं.