पाऊण इंच

माझं दुकान अर्जुनीच्या फाटकाजवळ.
बोअरचे पाइप, फवाऱ्याची नोझलं, हँडपंपाचे वायसर,
आणि भिंतीवर एक पाटी, रंग उडालेली:
एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

पुष्पकला वलथरे आली ती पंप पदराखाली धरून,
बदकाचं पिल्लू आणावं तसा.
कुलरच्या मोटरीहून जरा मोठा. तोंड पाऊण इंची.
मी पाऊण इंची पाइप काढला. सरळ हिशोब.
"नोको भाऊ. एक इंची दे."

तोंड पाऊण अन् पाइप एक?

"तोंडाएवढाच पाइप घेतला त पाणी भिंतीलेच घासत जाते.
साडेचार फूट चढाचं हाये त्याले."

मासोऱ्यांसाठी, म्हणाली.
ओसरीत काचेची टाकी, तिच्या खाली दुसरी, लपवलेली.
वरचं पाणी सलंगावरून सांडतं खालच्या टाकीत,
हा पंप ते परत वर नेतो.
सलंग म्हणाली ती. दोन वितींच्या काचेला.

तिचा बाप, सुखराम, सायकल धरून उभा.
पार, तुडुम, सलंग यांतच जन्म गेलेला माणूस.
"वरून खाली येते, खालून वर जाते.
मंग जाते कोठी?"
कोठीच नाई जात, बाबा.
"त मंग चालते कायले?"

याचं उत्तर माझ्याकडे कुठल्याच साइजमध्ये नव्हतं.

मी पाच एल्बो मोजले. तिनं तीन मागे सरकवले,
अर्ध्या वळणाचे बेंड मागितले.
"काटकोनात पाणी अडखळते.
बांधीचा पाट वळवतानी पायलं नाई का कधी?"
पाहिलं होतं. पाइपाशी जोडून पाहिलं नव्हतं.

मग पितळेचा व्हॉल्व पुढे केला, कौतुकानं, फडक्यानं पुसून.
"पितळ नोको. तांब्यानं झिंगे मरतेत."
वीस वर्षं पितळ विकतो आहे मी.

आणि लाइट गेली की? मी विचारलं, आता माझी पाळी.
वरचं पाणी त्याच नळीतून उलटं येईल,
खालची टाकी भरेल, मग ओसरी, मग तुमची खाट.
नॉनरिटर्न लाव, घे, प्लास्टिकचा आहे.
"त्यात गोगलगाय अडकते. मंग ना धड मिटत, ना उघडत.
तू एक भोक पाडून दे. पाण्याच्या किंचित खाली."

नव्या पाइपाला भोक!
आमच्या धंद्यात याच्यासाठी शिव्या खातात.
तरी गेलो संध्याकाळी, ड्रिल घेऊन.
युनियन घातलं, पंप धुवायला काढता यावा म्हणून;
पंपाजवळ वीतभर मऊ नळी, भिंत घुमू नये म्हणून.
एवढं मात्र मी सुचवलं.

टाकीत डाडक, बोटऱ्या, एक चाच्या, काठाशी चिला.
विकतचं काही नाही. तळ्यात आता मिळत नाहीत, म्हणाली,
आणि पुढे काही बोलली नाही.

सव्वाआठला लाइट गेली.
पंप थांबला. अंधारात पाणी मागे फिरलं,
नळीतून गळ्यासारखा आवाज.
मी मनात लिटर मोजत होतो.
सहा. आठ. दहा.
आणि एकदम एक बारीक सुस्कारा, त्या भोकातून.

"हवा घेतली त्यानं," सुखराम खाटेवरून म्हणाला.
मोबाइलच्या उजेडात पाहिलं,
खालची टाकी चार बोटं रिकामी होती अजून.

निघताना तिनं एक एल्बो हातावर ठेवला. उरला होता.
पैसे नको, म्हणाली, तुझी पाटी वाचली हाये म्या.
मी पैसे दिले.

तो वेगळा ठेवला आहे, ड्रॉवरमध्ये, पावतीपुस्तकाखाली.
मासोळीचा वास येतो त्याला.
गिऱ्हाइकं विचारतात, मी दुसरा देतो.
सुखराम बाजाराच्या दिवशी येतो कधीकधी, सायकल लावतो,
आणि फाटक उघडेपर्यंत तेच विचारतो:
त मंग चालते कायले?