अमावास्येपर्यंत

पितृपक्षात नवी खरेदी नको, तर नको.
मी आणि विभावरीने पैज लावली:
अमावास्येपर्यंत रोज रात्री एक भुताचा सिनेमा.
आवाज बारीक. भिंतीपलीकडे फुर्ताडोंचं बाळ झोपतं.

तिसऱ्या रात्री थायी. सबटायटल्स भलतीच;
बाई विहिरीतून किंचाळते, खाली अक्षरं:
‘उद्या भात लावू नकोस.’
हसून पोट दुखलं. नंतर पाणी प्यायला मात्र
दोघी मिळून उठलो.

एका भिकार सिनेमात
चेटकिणीच्या मनगटावर घड्याळ राहिलेलं.
विभा म्हणाली, हीच खरी. हिलाही घरी जायचंय.

नवमीला कृष्णधवल, कुठल्या देशातला कळलं नाही.
त्यातलं भूत येतं,
गॅस बंद आहे का बघतं,
दुधावर झाकण ठेवतं,
जातं.
वहीत दहापैकी गुण विभा लिहायची.
त्या रात्री तिने पेन उघडलंच नाही,
ओट्यापाशी जाऊन उभी राहिली.
दुपारी आईचं पान तिथल्याच खिडकीत ठेवलं होतं.
भांडुपचे कावळे उशिरा येतात.

सर्वपित्रीला पैज हरलो. अर्ध्यातच झोप.
पडद्यावर प्रश्न: अजून पाहताय का?
सकाळी उठलो तर
सिनेमा शेवटच्या नावांपर्यंत पोचलेला.