रस्ता धरलेला नाही

तुर्भ्याच्या एमआयडीसीत, जुन्या दगडखाणीच्या अंगाला
आमचा बर्फाचा कारखाना.
रात्रपाळीला मी आणि कॉम्प्रेसर,
दोघेही घरघरतो.

मिठाच्या गार पाण्यात पत्र्याचे डबे बुडवलेले,
प्रत्येकात पन्नास किलो पाणी.
वहीत मी मांडतो:
तीस अंशांवरून शून्यावर उतरायला
किलोमागे तीस किलोकॅलरी.
मग शून्यावरच, जागच्या जागी, ऐंशी.
मग उणे आठपर्यंत फक्त चार,
बर्फ झाल्यावर पाण्याच्या निम्म्यातच भागतं.
बेरीज एकशे चौदा. गुणिले पन्नास.
पाच हजार सातशे एका लादीचे.

त्या मधल्या ऐंशीपाशी पेन्सिल दरवेळी अडते.
तासन् तास उष्णता डब्यातून निघून जातेय
आणि तापमापी ढिम्म.
पुस्तकात तिला अप्रकट म्हणतात.
वीजबिलात ती चांगली प्रकट असते.

पहाटे चारला दिवाळ्याहून नखुबाई टेम्पो घेऊन येते.
जेवढी मासळी तेवढा बर्फ, हा तिचा पाढा.
एकदा मी वही पुढे केली.
बोय अठ्ठावीस अंशांचा, विशिष्ट उष्मा पॉइंट आठ,
शून्यावर आणायला किलोमागे बावीस,
भागिले ऐंशी:
"पावशेराला थोडा वर, मावशी. बाकीचा फुकट जातो."
तिने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"आन् रस्ता? त्यो कोन धरील हिशोबान?"

नेरूळचा सिग्नल.
पाटीच्या भोकांतून शिरणारी दुपार.
गिऱ्हाईक मासा उचलतं, कल्ले उघडून बघतं,
ठेवतं, भाव करतं, परत उचलतं,
त्याची दहाही बोटं सदतीस अंशांची.

लादी तिने अख्खीच नेली.

गेल्या आठवड्यात कनूला ताप चढला. एकशे तीन.
कोपरखैरण्याची खोली, वर दिवसभर तापलेला पत्रा.
मी चप्पल घातली, बर्फ आणतो म्हणालो,
एवढ्या लाद्यांचा राखणदार, एक तुकडा नाही आणायचा?
वैजयंता म्हणाली, बर्फ नको. थंडी वाजेल तिला.
नळाचं पाणी घ्या, साधं.

जुन्या लुगड्याची पट्टी. कपाळ, काखा, पोटऱ्या.
कॅलेंडरच्या पुठ्ठ्याने वारा.
मला दुसरं काय येतं?
मी वाणसामानाच्या यादीमागे मांडलं:
कनू चौदा किलो.
सेल्सिअसचा एक अंश उतरवायचा तर साडेअकरा किलोकॅलरी.
कातडीवरून उडणारं पाणी
ग्रॅममागे पाचशे ऐंशी कॅलरी घेऊन जातं,
बर्फ वितळताना घेतो त्याच्या सातपट.
म्हणजे वीस ग्रॅम.
चार चमचे.

"चार चमचे पुरे," मी म्हणालो.
वैजयंताने मान वर केली नाही.
तांब्या संपला. दुसरा भरला.
पोरीच्या आत कुठेतरी भट्टी चालू होती,
तिचा आकडा कोणत्या कोष्टकात असतो
मला ठाऊक नव्हतं.
साडेतीनला पाहिलं: एकशे तीन.
सव्वाचारला पाहिलं: एकशे तीन.

पारा हलला नाही.
पट्टी मात्र दरवेळी कोरडी होत होती.

उजाडता उजाडता कानामागे घाम आला.
कनूने डोळे न उघडता
पाणी मागितलं, प्यायला.

त्या रात्री कामावर गेलो, वही उघडली.
बावीस भागिले ऐंशीच्या खाली लिहिलं:
अधिक रस्ता, बरोबर

पुढे काही सुचेना.
डबे उपसायची वेळ झाली होती.