तक्ता सात, रकाना चार

माय्याच्या स्वयंपाकघरात मी फॉर्म उघडला
तेव्हा ती चीज कापत होती, कॉफीत टाकायला.
अठ्ठ्याऐंशीचा नोव्हेंबर. दुपारी दोनलाच दिवा लावलेला.
मी स्टॉकहोमहून आलेली, अठ्ठावीस वर्षांची,
खात्याने दिलेले बूट एका मापाने मोठे.

काम साधं होतं:
गावाने किती किरणोत्सार खाल्ला-प्याला ते मोजायचं,
डोक्यांनी गुणायचं,
येईल त्या आकड्याला म्हणायचं मानव-सिव्हर्ट.
एका मानव-सिव्हर्टचा भाव परिपत्रकात छापलेला होता,
बटाट्याचा असतो तसा, तारखेसह.

तो आला होता वसंतातल्या पावसातून,
परक्या देशाच्या धुरातून.
दगडफुलाला मुळं नसतात.
ते आभाळावरच जगतं, जे पडेल ते पितं.
रेनडिअर दगडफूल खातं, माणूस रेनडिअर,
एवढीच साखळी,
आणि तिच्या टोकाशी माय्याचा धाकटा, योव्वा.
त्याला दवाखान्याच्या खुर्चीत दहा मिनिटं
मांडीवर यंत्र देऊन बसवलं होतं.
"मांजर बरं," तो मला म्हणाला, "ते गरम तरी असतं."

पहिल्या हिवाळ्यात मांसाला निळा रंग फासला,
कुणी चुकून खाऊ नये म्हणून,
आणि खड्ड्यात लोटलं.
त्याची भरपाई मिळाली, किलोमागे.
पावत्या माय्याने बिस्किटाच्या डब्यातून काढून दाखवल्या,
कोपऱ्याला कोपरा जुळवलेल्या.
रक्ताची धिरडी बंद झाली, त्याची पावती नव्हती.
स्नायूंचा दोरा वळायचं पोरींना शिकवायचं राहिलं, त्याचीही नव्हती.
"हे कुठे लिहिता?"
"इतर," मी म्हणाले. "इतरमध्ये येतं ते."

रात्री पाहुण्यांच्या खोलीत हिशेब पुढे नेला.
आजार आज होत नाही. वीस वर्षांनी, तीस वर्षांनी,
झालाच तर, आणि कशाने झाला
ते त्याला स्वतःलाही कळणार नाही.
पुढचं मरण आज स्वस्त पडतं,
पुढच्या पैशासारखं. दर चार टक्के.
तक्त्यावर बोट आडवं धरून वाचलं:
तीस वर्षांत सीझियम निम्मं उरतं.
तीस वर्षांत माणूस
तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली.
तीनदा करून पाहिलं. चूक नव्हती.
आमच्या कागदावर
विषाच्या आधी माणूस विरत होता.

बाहेर कुत्रा बराच वेळ भुंकत होता. कशावर, कोण जाणे.

सकाळी एकच प्रश्न उरला होता, तक्ता सात, रकाना चार:
कुटुंबाची एकूण जनावरं.
माय्याचा नवरा लारा दारात उभा, हातात दोर.
मला कुणी सांगितलं नव्हतं
की तिकडे हे विचारत नाहीत,
परक्याच्या घरी जाऊन तिजोरीत किती आहे
असं विचारण्यासारखं आहे ते.
तो रागावला नाही.
खिडकीतून बर्चच्या एका झाडाकडे पाहत म्हणाला,
"झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत."

मी तसंच लिहिलं.
पंधरा दिवसांनी कार्यालयातून फॉर्म परत आला:
रकान्यात फक्त अंक.
तेव्हा पेन्सिलीने एकशे चाळीस लिहिलं.
कुठून आणले एकशे चाळीस, आता सांगता येणार नाही.
त्यांच्यावर सरासरी निघाली, सरासरीवर अहवाल,
आणि अहवालात कुणीतरी त्यांना
दोन दशांश स्थळं दिली.

हे आज लिहितेय कारण सकाळी कप धुताना आठवलं:
त्या दुपारी प्रश्नावली संपत आली
तेव्हा माझी कॉफीही संपली होती.
तळाशी चीज फुगून मऊ झालं होतं.
पोट भरलंय, मी म्हणाले, आणि ते तसंच ठेवून उठले.
योव्वा समोर बसून त्याचं खात होता, चमच्याने.
माय्याने माझ्याकडे पाहिलं,
मग कपात,
आणि काही न बोलता तो विसळला.