अर्धा तास मागे

परवाना खिशात होता:
चार शिक्के, एक सही, माझं चुकीचं लिहिलेलं नाव.
"परवाना?" जीप हाकता हाकता नेककदम हसला.
"आमच्यात परवाना म्हणजे पतंग,
दिव्यावर जाऊन मरतो तो."
नाका आला तसं त्यानं हसू
किल्लीसारखं काढून खिशात टाकलं.

त्याच्या नावाचा अर्थ, चांगल्या पायगुणाचा.
आमच्याकडे कदम आडनाव असतं, मी म्हटलं.
त्याला ते पटलं नाही.
"आडनावाला पाय कशाला?"

रस्ता सगळा नदीला धरून.
इथे नदीलाच दर्या म्हणतात.
मी आजवर दर्या म्हणजे
पलीकडचा काठ न दिसणारं पाणी समजत आले.
इथे तर पलीकडची बाई दिसते,
तिचं गाढव दिसतं, गाढवावरचं सरपण दिसतं.
ती हाक मारते, तिचा शेवट तेवढा इकडे पोचतो,
सुरुवात पाणी खाऊन टाकतं.
तो दुसरा देश.
त्यांचं घड्याळ आपल्याहून अर्धा तास मागे.

मधे पूल आहे.
पुलाला कुलूप आहे.
शनिवारी तिथे बाजार भरायचा, ओयजमोल सांगते,
तेव्हाच बहिणीचं जमलं, पलीकडच्या एका खेचरवाल्याशी.
मग एका शनिवारी बाजार भरलाच नाही.
त्याला आता नऊ वर्षं.

घराला पाच खांब, छताला चौकोनात चौकोन,
वरून उजेड थेट चुलीच्या राखेत.
तिनं शीरचाय दिला.
मी साखरेच्या आशेनं ओठ लावले
आणि मीठ, लोणी, दूध असं एकदम जिभेवर आलं.
"दुसऱ्या वाडग्याला आवडेल," ती म्हणाली.
तिसऱ्याला आवडला.

रोज चारला ती छतावर जाते.
तिकडे साडेतीन.
बहीण पाण्याला येते, गोधडी झटकते.
तीनदा झटकली की सगळं ठीक.
ही पण झटकते तीनदा.
मोठ्यानं बोलायची बंदी आहे,
गोधडी झटकायची अजून तरी नाही.

मी फोटो काढला.
मागचे पांढरे सुळके, पुढे लाल गोधडी,
हवेत अर्धी वर गेलेली.

शिडीवरून आधी बंदूक वर आली, मग पोरगा.
एकोणीसचा असेल. कापसाच्या सपाट मुलखातला,
थंडीनं गाल फुटलेले.
कॅमेरा घेतला. एकेक फोटो पुसत गेला:
जर्दाळूची झाडं, नेककदमची जीप, मी आणि बर्फ.
गोधडीपाशी त्याचं बोट थांबलं.
समोरच्या काठावरचा ठिपका त्यानं मोठा केला, आणखी मोठा.
"कोण ती?"
"मला लांबचं दिसत नाही," ओयजमोल म्हणाली.
ह्याच बाईनं सकाळी
अर्ध्या डोंगरावरची हरवलेली बकरी मला दाखवली होती.

त्यानं घड्याळ पाहिलं.
फोटो पुसला.
मग नदीकडे पाठ करून खाली बसला
आणि बुटाची नाडी बांधू लागला.
बांधलेलीच होती. सोडून पुन्हा बांधली.
दुसऱ्या बुटाचीही.

पलीकडे गोधडी वर गेली.
एकदा.
दोनदा.

मग बहिणीनं ती घडी घातली, खांद्यावर टाकली,
आणि चढ चढू लागली.

पोरगा कधी उतरून गेला कळलं नाही.
खालून नेककदमनं हॉर्न दिला,
पाचला नाका बंद होतो.
मी ओयजमोलकडे पाहिलं.
ती हलली नाही.
"तिकडे अजून चार वाजायचेत," ती म्हणाली,
आणि छताच्या कडेला गोधडी मांडीवर घेऊन
तो अर्धा तास इकडे यायची वाट बघत बसली.